एकोणीस एके

विल्फ बर्केटच्या कुंपणाला एकोणीस खांब आहेत,
रस्त्यापासून ओढ्यापर्यंत.
माझ्या ओट्यापुढच्या खिडकीतून ते
ओळीत लिहिलेल्या एकांसारखे दिसतात.
आपला मराठी १ नव्हे, त्याला डोकं असतं, शेपटी असते;
हा इकडचा, नुसता उभा दांडा.

रॉस्थ्वेटला डिसेंबरात साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
अशाच एका संध्याकाळी, भाजी करपेपर्यंत,
मी ती संख्या वाचत बसले.
उजवीकडून, खिलारेबाई घोकून घ्यायच्या तशी:
एकं, दहं, शतं.
आठव्या खांबाला कायम लोकर अडकलेली असते,
तिथे कोटी.
जलधी पंधराव्यावर, पार कोरड्या जागी.
अठरावा परार्ध.
आणि ज्याला फाटक टांगलंय
त्या एकोणिसाव्याला नावच नाही.
आपली भाषा फाटकाच्या एक खांब अलीकडे संपली.

मग रात्री पाटी काढली. इथल्याच खाणीतली,
कौलं करून उरलेला तुकडा.
खडू चालतो त्यावर.
अठरा एक लिहिले तर ते अठरापगड निघतात,
तीन या, सात या, अकरा, तेरा, सदतीस,
कुणालाही नाही म्हणत नाहीत,
चक्क एकोणीसनेसुद्धा भाग जातो.
सतरा एक जरा मानी.
त्यांचे दोनच तुकडे होतात, तेही सहज सापडत नाहीत:
एक वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस,
दुसरा पाचशे छत्तीस कोटी बत्तीस लाख
बावीस हजार तीनशे सत्तावन्न.
कुणाच्या ध्यानीमनी नसताना
एखाद्या जोडप्याची पत्रं दोन पत्त्यांवर जाऊ लागतात, तसं.
आमचं सतराव्या वर्षी झालं.
ते असो.

एकोणीस एकांना मात्र भाग जात नाही.
तीनने नाही, सातने नाही,
पाटी तीनदा पुसली, कशानेच नाही.
भाच्याला कळवलं, त्याने संगणकाला विचारलं,
उत्तर आलं, मावशी, मूळ संख्या आहे.

मूळ.
इथे दुकानात, बसथांब्यावर, दवाखान्यात
गोडच आवाजात विचारतात, पण तुम्ही मूळच्या कुठल्या?
आटपाडी, म्हणते मी. मग त्यांना काही सुचत नाही.
विल्फने तेवढं विचारलं होतं, तिकडे मेंढ्या असतात का?
असतात म्हटलं, उंच, लांब कानांच्या.
त्याला ते पटलं नाही.

विल्फ मेंढ्या मोजतो त्याच्या आज्याच्या आकड्यांत.
यान, टान, टेदेरा, मेदेरा, पिंप.
वीस झाले की बोटं संपतात, शब्दही संपतात,
तो एक खडा खिशात टाकतो
आणि पुन्हा यानपासून सुरू.
परवा कुंपणाशी उभं राहून मी त्याला विचारलं,
एकोणीसला काय म्हणतोस?
मेदेरा-बम्फिट, तो म्हणाला,
जणू त्यात हसण्यासारखं काही नाही.

तर परार्धाच्या पुढे, फाटकाच्या खांबावर:
मेदेरा-बम्फिट.
खिलारेबाईंनी छडी उगारली असती.

फेब्रुवारीत विल्फने खड्डा खणायला घेतला,
ओढ्याकडे जमीन खचतेय, अजून एक खांब हवा.
मी गाऊनवरच धावले.
नको, म्हटलं, वीस झाले की त्यांना अकराने भाग जातो,
एकेचाळीसने जातो, एकशे एकने जातो.
त्याने पहार टेकवली, कुंपणाकडे बघितलं,
ओठ हलवत पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजलं.
मग म्हणाला,
अकराने कधी एक मेंढी बाहेर गेलेली
मी तरी पाहिली नाही.

विसावा खांब अजून हिरवा आहे, चिकाचा वास येतो.
मी पडदा थोडा ओढून घेते,
उजवीकडून, एका खांबापुरता.